गिरीजची मोटार

अण्णा, गिरीज गावातल्या केळीच्या वाडीतली पंपाची मोटार परत आली आहे. तुम्ही वाइंडिंग भरून शेवटची बांधलेली, तीच. पावसात पंपाच्या खोलीत पाणी शिरलं आणि ती बुडाली. पाऊस गेल्यावर वाडीवाल्या मावशींनी बटण दाबलं, तर चालेना. मग त्या स्वतः टेंपोत बसून ती वालीवला आपल्या दुकानात घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाय, तुज्या बापाने बांधलेली हाय, मरायची नाय. माजा नवरा तिच्या आधी बंद पडला." सगळे हसले. मीही हसले असेन. मेगर मीटर लावला, एक वायर वाइंडिंगला, एक बॉडीला. आतलं इन्सुलेशन शाबूत असेल तर काटा वर जातो. तो जागचा हलला नाही. मला काही वाटलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही वाटलं नव्हतं. घरात माणसं येत होती आणि मी कप विसळत होते.

डिप्लोमा करून मी नुकती दुकानात बसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. अशीच एक भिजलेली मोटार येते. मी मीटर बघते आणि गिऱ्हाइकाला सांगते, "जळली आहे, नवीन वाइंडिंग करावं लागेल." तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवता आणि त्याच्यासमोरच मला विचारता, "जळल्याचा वास येतोय का तुला? भिजलीय ती. आधी सुकव, मग तोंड उघड." मग तुम्ही मधला फिरता रोटर बाहेर काढलात, आतल्या पोकळीत पेटता बल्ब सोडलात आणि वरून गोणपाट टाकलंत. दुसऱ्या दिवशी काटा चढला. तुम्ही नुसता मीटर माझ्याकडे सरकवलात. संध्याकाळी शटर ओढताना म्हणालात, "दोन दिवसांत नाही चढला, तर मात्र नाद सोडायचा, कॉइल कापायच्या. बल्ब म्हणजे काही देव नाही."

हीसुद्धा तशीच उघडली. कॉइलच्या टोकांना दोऱ्याच्या बांधण्या आहेत, गाठ आतल्या बाजूला दाबलेली. तशी गाठ दुकानात आता कोणी मारत नाही. बल्ब सोडला, गोणपाट टाकलं. मावशींचा फोन आला, "पानी नाय बाय, केली सुकतील." त्यांना आपली जादा मोटार बसवून दिली. ती चालते आहे, केळींना पाणी मिळतं आहे, त्यांची तक्रार नाही. इकडे काटा चढायचं नाव घेत नाही. म्हणजे आता या मोटारीचं एकच काम उरलं. जुन्या कॉइल छिनीने कापायच्या, तांबं ओढून काढायचं आणि नवीन भरायचं. त्या गाठींसकट सगळं भंगारात जाईल.

तुमचे दोन दिवस कधीच होऊन गेले. तुमच्या वेळचा कारागीर छिनी घेऊन रोज विचारतो, "ताई, कापू का?" आज म्हणाला, "अण्णा असते तर एव्हाना कापली असती." मी म्हटलं, "ओल आहे अजून." तो छिनी ठेवून जेवायला गेला.

ओल नाही, अण्णा. मी हात घालून बघितलं, कधीच कोरडी झाली आहे. बल्ब चालूच ठेवला आहे.