तीन भोकांचं लाकूड

ड्रेनोवो पोल्ये,
दि. ७ सप्टेंबर १९९८

ती. दोन्काआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. मिरच्या भाजून बरण्या भरून झाल्या. तुझ्या वाटच्या चार सूनबाईने, नेव्येनाने, वेगळ्या काढल्यात. मी मध्ये हात घालू नये, अशी तिची ताकीद आहे. बाबांचं मात्र बरं नाही. हृदय थकलंय, नाताळपर्यंतचा भरवसा देत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आता एक कोडं. गोठा साफ करताना गव्हाणीमागे एक वीतभर लाकडी वस्तू सापडली. चित्र सोबत आहे. अक्रोडाचं लाकूड, एका अंगाला तीन भोकं, दुसरं टोक आकड्यासारखं वळलेलं. मधलं भोक तिरकं पडलंय. विळ्यापासून बोटं वाचवायला आई कापणीत घालायची तो लाकडी पंजा, पालामार्का, साधारण असाच होता, म्हणून ही डाव्या हातात घालून पाहिली. बोटं अडकतात आणि आकडा भलतीकडेच वळतो. शेजारचा त्रायको म्हणाला, नांगराचा तुकडा असेल. मास्तरांच्या मते चांभाराचा साचा. देवळातल्या फादरांना मेणबत्त्यांचं घर वाटलं. एक लावूनही पाहिली, ती मधल्या भोकात दारुड्यासारखी कलली. बाबा ओसरीवरून सगळ्यांची मजा बघत होते.

शेवटी मी ती चुलीत घालायला निघालो, तर काठीशिवाय न उठणारे बाबा तसेच उठले, माझ्या हातून ती काढून घेतली आणि म्हणाले, दोन्काला विचार. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तुमचं काय बिनसलं ते मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. देवापुढे दिवा लावताना एवढंच मागतो की बाबा असेपर्यंत तुम्ही दोघं एकदा एका खोलीत बसावंत.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
झेल्याझ्को


वार्ना,
दि. १५ सप्टेंबर

चि. झेल्याझ्को यास अ. उ. आ.

गावातले सगळे शहाणे गोळा झालात आणि उजवा हात एकालाही आठवला नाही. मी डावखुरी. विळा डाव्या हातात, म्हणून पंजा उजव्या हातात हवा. तसला गावात कुणाकडेच नव्हता. मी उघड्या हाताने कापायची आणि पोरी हसायच्या.

अठरा वर्षांची होते. मला बघायला आलेली माणसं शेतावरच आली होती. तुझ्या बापाने त्यांच्यासमोर डाव्या हातात विळा धरून माझी नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. ती माणसं पुन्हा आली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने ही वस्तू माझ्या ताटाशेजारी ठेवली. मला वाटलं, याची चेष्टा अजून संपलेली नाही. ती गव्हाणीत भिरकावली आणि त्याच दिवशी वार्नाची गाडी धरली. सूतगिरणीत जन्म गेला. घरातल्या मयतांना आले तेवढीच. तेव्हाही आम्ही दोघं दोन टोकांना उभे.

परवा तुझं चित्र पाहिलं आणि उजवा हात त्याच्यावर ठेवून बघितला. ते भोक चुकून तिरकं झालेलं नाही, बाळा. लहानपणी गायीचा पाय पडून माझं मधलं बोट वाकडं झालं, ते अगदी तसंच कलतं. चेष्टा करणारा माणूस बोटाचं माप घेत नाही. त्याने विचारलंही नव्हतं, मी जेवताना बघून ठेवलं असणार. आणि मी त्यात बोटसुद्धा घातलं नाही. पंचावन्न वर्षं.

हे त्याला वाचून दाखव. मला मात्र ये म्हणू नकोस. कुठल्या तोंडाने येऊ?

मुलांना पापे. आठवण काढतोस, तशीच काढत जा.

तुझी आत्या,
दोन्का


ड्रेनोवो पोल्ये,
दि. २१ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. बाबा गुडघा चोळत ऐकत राहिले. मग घाईघाईने वाचतोस म्हणून माझ्यावरच रागावले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. नंतर म्हणाले, दोन्का मुळातच तापट, निदान घालून तरी बघायचं. थोड्या वेळाने म्हणाले, पण नक्कल मी केली होती. माफी मागायला तोंड उघडेना, म्हणून लाकूड तासत बसलो.

पंजा आतून अजून खडबडीत आहे, तो पुरा करायचा म्हणतात. गिरणीत राबून तुझी बोटं जाड झाली असतील, तेव्हा उजवा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि कागद पाठव, असा निरोप आहे. आता कोण कापणी करणार, असं नेव्येनाने विचारलं, तर तू तुझ्या घेवड्याकडे बघ म्हणाले. त्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून लाकूड मी धरतो आणि ते तासतात. दोन मिनिटांत दम लागतो. कागद लवकर पाठव. ये म्हणत नाही, तू नको म्हटलंस म्हणून.

तुझ्या आशीर्वादावर घर उभं आहे, तो असाच असू दे.

झेल्याझ्को


वार्ना,
दि. २८ सप्टेंबर

चि. झेल्याझ्को यास अ. उ. आ.

तीन कागद वाया गेले. सांधे सुजलेत, मधलं बोट कागदाला टेकतच नाही. असलं माप पाठवलं तर पंजा चुकायचा. शनिवारच्या सकाळच्या बसने हातच घेऊन येते.

तुझ्या बापाला, मिन्चोला, म्हणावं, मी येईपर्यंत त्या लाकडाला चाकू लावायचा नाही. थांबायचं.

बाकी माया समक्ष.

तुझी आत्या,
दोन्का