तळं वाचलं, वळण कापलं

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, धंदा छोट्या आगगाड्यांचे देखावे बांधणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही धाकाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर नाही असं बाबांचं म्हणणं आहे, ते विचारात घेऊ नये. उद्या माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन. डॉक्टर हसत म्हणाले, "किरकोळ आहे." हसून बोलणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही.

१. सोल्डरिंगचं सामान, पक्कड आणि सगळी इंजिनं धाकट्या बहिणीला. तिने ती चालवावीत, शोकेसमध्ये मांडू नयेत. बाबांना कॉलेजची पुस्तकं. पाहुण्यांसमोर मला "डब्यांचे साहेब" म्हटल्याबद्दल याहून जास्त मिळणार नाही.

२. वरच्या खोलीतला देखावा मी खोली मोजून बांधला, दार मोजायचं राहिलं. प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा मी म्हटलं, "बघायचं तर त्यांनी इथे यावं." माझा भागीदार लांब्या टेप घेऊन दार मोजायला लागला. बहिणीला गाडीत बसवून परततो तर देखाव्याचे दोन तुकडे टेम्पोत चढलेले! प्रदर्शनातल्या पाटीवर नावं दोनच, लांब्याचं आणि तिचं.

ती म्हणजे फोटोफ्रेमवाल्याची मुलगी. रंगकाम सगळं तिचं. रूळ कापायचा तर सरळ भागात, वळणावर कधीच नाही, तिथे सांधा फाकतो आणि गाडी घसरते, हे मी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण सरळ रूळ तिने रंगवलेल्या तळ्यावरून जात होता. म्हणून करवत कुठे लावायची ते तिनेच लांब्याला दाखवलं: पुलावरचं वळण.

"का गं?" मी विचारलं.

"तळं कापायला हात धजेना रे."

"आणि वळण?"

"वळण काय, तू पुन्हा करशील."

३. लांब्याला ती करवत. तिचे दात गेलेत. माझ्या प्लायवूडने तेवढा तरी सूड घेतला.

४. बोगद्याकडचा अर्धा भाग आईला. त्यावर कपडे वाळत घालू नयेत. तळ्याकडचा अर्धा ~~तिला~~. काठावर तिने दोघांपुरतं एक बाकडं ठेवलंय. कुणासाठी, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

५. हे कलम मागाहून जोडलं आहे. साक्षीला दुसरं माणूस मिळेना, तेवढ्यात ती भेटायला आली. सिस्टर म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार, त्याची साक्ष चालत नाही हं."

"मग माझं नाव खोड," ती मला म्हणाली. "घे ते पेन."

खोडलं. ज्या तळ्यापायी माझं वळण कापलं, ते तिने उभ्या उभ्या सोडलं. तो तुकडा कुणाला द्यावा हे मला सुचत नाही. तूर्त तो कुणाचाच नाही.

वरील सर्व मजकूर माझा, खाडाखोडीसकट.

सही: (माझी)
साक्षीदार १: वॉर्डच्या सिस्टर
साक्षीदार २: फोटोफ्रेमवाल्याची मुलगी
ठिकाण: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस