पद्मजाची डिग्री, कायमची

२ मार्च
आजपासून मी कॉलेजचा ब्लॉकचेन नोडल ऑफिसर. दादरमधला पहिलाच हेडक्लार्क असणार. यापुढे प्रत्येक डिग्री कॉम्प्युटरमध्ये अशी चढणार की नंतर ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही. वर्कशॉप दोन दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. पहिल्याच दिवशी सगळं समजलं.

४ मार्च
बायकोला नोकरी! लग्नानंतर अकरा वर्षांनी. परळच्या लॅबमध्ये. सोळाला जॉइनिंग. त्याआधी ते तिची बी.एस्सी. ब्लॉकचेनवर तपासणार, आणि ती आमच्याच कॉलेजची. म्हटलं, तू निवांत राहा, मी आहे ना. म्हणाली, त्याचीच भीती वाटते. विनोदी आहे.

५ मार्च, सकाळी ११.४०
ठाकूरद्वारला देवळात पेढे ठेवून आलो आणि पहिली डिग्री बायकोचीच चढवली. पद्मजा पुष्कर वैद्य. लग्नात ताटातल्या तांदळावर मीच अंगठीनं लिहिलेलं नाव. माहेरचं 'प्राची' मला साधं वाटायचं. तिला विचारलं नव्हतं, पण आवडलंच असणार. कॉलेजच्या जुन्या रजिस्टरात 'प्राची'च होतं. ते सुधारून घेतलं.

९ मार्च
लॅबचा मेल. डिग्री पद्मजाची, आधार, पॅन, पासपोर्ट प्राचीचे. ही बाई कोण? बायको म्हणाली, कागदावर मी नाव कधी बदललंच नाही. अकरा वर्षं! मला वाटायचं, झालं असेल. असो. तांत्रिक बाब.

१० मार्च
सॉफ्टवेअरवाल्या नीलला फोन. म्हणाला, खोडता येत नाही सर, हे दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. कशालाही हात लावू नका, विद्यापीठाला पत्र लिहा. पत्र? या जमान्यात? प्राचीच्या नावानं नवी नोंद करून टाकली. विषय संपला.

११ मार्च
एका सीट नंबरवर दोन बायका. सिस्टिमनं दोघींनाही संशयित ठरवलं. आता निर्णय विद्यापीठाच्या समितीचा, आणि तिची बैठक जूनमध्ये.

१२ मार्च
मूळ सर्टिफिकेट घेऊन स्वतः लॅबमध्ये गेलो. एचआरच्या रुचा मॅडम म्हणाल्या, आम्ही आता कागद बघत नाही. त्यांना ब्लॉकचेनचे फायदे समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो.

१६ मार्च, सकाळी
जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून डबा भरत होती. फक्त माझा. फार वाईट वाटलं. हाक मारली, प्राची. चटकन ओ देऊन वळली. चेहरा खुललेला. अकरा वर्षांत माझ्या हाकेला अशी ओ कधी आली नव्हती. मग हाक मारणारा मी आहे हे तिला दिसलं. झाकण लावून डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली.