टॅक्स, मिश्री आणि माझा शब्द

३ नोव्हेंबर
पाकीट पस्तीस दिरहमला होणार म्हणे! म्हणजे साडेआठशे रुपये! ऑफिसातल्या इद्रीसने बातमी आणली—सिगारेट, व्हेप, सगळ्यावर टॅक्स वाढणार. "इन्शाल्ला, अफवाच असेल," म्हणाला आणि स्वतः दोन कार्टन घेऊन ठेवले.

मी घरी जाहीर केलं—सिगारेट खलास! टॅक्स हे निमित्त. गेल्या महिन्यात अवनी शाळेत मैत्रिणीचा व्हेप ओढताना सापडली. पंधरा वर्षांची पोर! मी रागावलो तर म्हणते, "यू फर्स्ट, बाबा." आज हातावर हात मारून ठरलं. दोघांनीही तंबाखूला शिवायचं नाही.

५ नोव्हेंबर
बायकोवर, सुहासिनीवर, विनाकारण ओरडलो. तिने कारणांसकट परत केलं.

६ नोव्हेंबर
साताऱ्याहून आई आली. बॅगेत मेतकूट, कुरडया आणि मिश्रीची डबी!

"अगं आई, भाजलेली तंबाखू ती! कस्टमवाल्यांनी धरलं असतं तर?"

"गप रे! तंबाखू कसली? दात घासायचे त्याने."

९ नोव्हेंबर
डोकं ठणकतंय. आई रोज सकाळी अर्धा तास बेसिनपाशी असते आणि बाहेर येते ती एकदम तृप्त. आज मीही बोटभर घेतली. दात काय, घासावेच लागतात. अहाहा!

१३ नोव्हेंबर
दिवसातून चार वेळा दात घासतो. सुहासिनी खूश—"सिगारेटचा वास नाही, चिडचिड नाही. टॅक्सवाल्यांना पेढे द्यायला हवेत!"

अवनीने फ्रिजवर तक्ता लावलाय. 'डे इलेव्हन. प्राउड ऑफ यू.' वाचून तक्त्याकडे पाठ फिरवली. पण आईच म्हणते ना, ती तंबाखू नाही म्हणून! मग पुन्हा दात घासले.

१५ नोव्हेंबर
आई कडाडली, "विजू, माझी डबी अर्धी कशी झाली? दोन महिने पुरते मला!"

मी टॉवेलने तोंड पुसत म्हणालो, "इथली हवा कोरडी आहे. उडत असेल."

१६ नोव्हेंबर
अवनी बेसिनवरून आली. दात काळे, डोळे चमकताहेत. "बाबा, आजीची टूथपावडर इज अमेझिंग! हेड एकदम लाइट! तू फोर टाइम्स लावतोस ना, सो आय ट्राइड."

डबी कमोडमध्ये उपडी केली. आई रुसलीय. अवनीला सगळं खरं सांगितलं, रडलोही. म्हटलं, आपला दोघांचाही शब्द मोडला गं.

ती उठली, फ्रिजवरचा तक्ता काढला, आकडा खोडून 'डे वन' लिहिलं आणि तो माझ्या हातात दिला. "यू फर्स्ट, बाबा."