नीडल्सची ती दुपार

पॉन्टियाक, इलिनॉय
११ एप्रिल २०१९

प्रिय कॅरीन,

शनिवारी ड्वेनला मातीआड केलं. तू पाठवलेली पिवळी फुलं वेळेवर पोचली. त्याच्या बहिणीने ती शवपेटीच्या पायथ्याशी ठेवली. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम, बटाटे, आणि कुणीतरी आणलेली ती हिरवी जेली, जिला कुणीच हात लावत नाही. ड्वेन असता तर म्हणाला असता, "मी मेलो तरी ही जेली मेली नाही वाटतं अजून." लोक त्याच्या न्हाव्याच्या दुकानातले किस्से सांगून हसत होते. मी कागदी बशी मांडीवर घेऊन बसले होते, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आता हे माहीत असलेली मी एकटीच उरले. तेवीस वर्षं आम्ही दोघांनी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुला सांगितलं, की कॅलिफोर्नियात नीडल्स गावाच्या पलीकडे वाळवंटात गाडी बंद पडली, तुझे वडील हॉलिस मदत आणायला पायी निघाले, आणि उन्हाने त्यांना गाठलं. गावच्या वर्तमानपत्रातही आम्ही सांगितलं तेच छापून आलं. कॅरीन, गाडी बंद पडली नव्हती.

पहिल्यापासून सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहायचं धाडस होणार नाही. त्या वर्षी, शहाण्णव साली, तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. दर गुरुवारी बोलिंगनंतर तुझे वडील घरी जायचं टाळायचे, बिअरचा शेवटचा घोट तासभर पुरवायचे. सहासष्ट नंबरचा जुना रस्ता आमच्या गावातूनच जातो, आम्ही तिघं त्याच्या काठावर लहानाचे मोठे झालो, पण तो पार शेवटपर्यंत समुद्राला भिडलेला कुणीच पाहिला नव्हता. एका गुरुवारी हॉलिस म्हणाला, "चला, जाऊन बघू तरी संपतो कुठे." ड्वेनने दुकानावर 'पंधरा दिवस बंद' अशी पाटी लावली, मी शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा घेतली, आणि माझा नवरा अर्ल म्हणाला, "जा बाई, पण त्या दोघांना सांभाळून आण." तो थट्टेने म्हणाला होता. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आम्ही हॉलिसच्या निळ्या स्टेशन वॅगनमधून निघालो. गाडी त्याची, म्हणून चालवणार तोच. कुणाला काही वाटलं नाही.

मिझूरीत पहिल्यांदा खटकलं. लेबनन गावात तो मोटेलच्या बर्फाच्या मशीनपाशी गेला, वीस पावलांवर तर होतं, आणि बर्फाची बादली घेऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीचं दार ठोठावत उभा राहिला. आम्ही हसलो, तोही हसला. ओक्लाहोमात सिग्नल हिरवा झाला तरी हा थांबलेलाच. मागून हॉर्नवर हॉर्न. ड्वेन म्हणाला, "हॉलिस, याहून हिरवा नाही व्हायचा तो!" पुन्हा हसलो. पण मी त्याच्या शेजारी बसले होते. मला त्याचा चेहरा दिसला होता. त्या दिव्याकडे तो असा बघत होता, जसं एखाद्या अनोळखी माणसाने आपल्याला नावाने हाक मारावी आणि आपल्याला तो आठवू नये. टेक्ससमध्ये दुपारी जेवून निघालो, आणि पाऊण तासाने माझ्या लक्षात आलं, की सकाळी डावीकडे गेलेला पाण्याच्या टाकीचा वाकडा मनोरा आता उजवीकडे येतोय. आम्ही उलटे, घराच्या दिशेने चाललो होतो. मी हळूच म्हणाले, "हॉलिस, ऊन पाठीवर आलंय रे." तो एकदम कडाडला, "मला कळतं! मला तो मनोरा परत बघायचा होता." लहानपणापासूनच्या ओळखीत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. मागे ड्वेनने नकाशा उघडून त्यात तोंड खुपसलं. त्यानंतर गाडीत कुणी हसलं नाही.

टुकुमकारीला सकाळी मोटेलच्या दारात लोखंडी खुर्च्या टाकून आम्ही दोघं कॉफी पीत बसलो होतो. ड्वेन अजून झोपला होता. हॉलिस समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बोलला. ब्लूमिंग्टनच्या डॉक्टरांनी जूनमध्येच स्मृतिभ्रंशाचं निदान केलं होतं. त्याच्या आईला सत्तावन्नाव्या वर्षी हेच झालं, तिच्या थोरल्या भावालाही. तुझी आजी म्हातारपणाने वेडी झाली असं तुला सांगितलेलं आहे ना, ती म्हातारी नव्हतीच गं. हॉलिस तेव्हा एकोणसाठचा होता. म्हणाला, "व्हर्ना, हे रक्तातून उतरतं. माझ्यापर्यंत आलंय, पुढे जाईल की नाही ते कुणी सांगू शकत नाही." तू तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होतीस, डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "कॅरीनला यातलं अक्षर कळता कामा नये. ती त्या बाळाकडे बघेल आणि तिला हेच दिसेल. शपथ घे." मी घेतली. मग जरा वेळाने, अगदी पोरासारखं म्हणाला, "आणि समुद्रापर्यंत मला चालवू दे. त्यानंतर आयुष्यात स्टिअरिंगला हात लावणार नाही."

मी तेव्हाच ड्वेनला उठवून, गाडी वळवून, घरी आणायला हवं होतं. पण मी मान हलवली. तुला खरं सांगते, मला त्याची दया आली असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले, पण दयेपेक्षा भीड जास्त होती. भल्या माणसाचा पाणउतारा करायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांनी गॅलपच्या बाहेर तो समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला गाडी घेऊन चालला. ड्वेनने मागून झेप घालून स्टिअरिंग ओढलं. धूळ बसल्यावर मी हात पुढे केला आणि हॉलिसने किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. सगळं ॲरिझोना मी चालवत पार केलं. तो मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिला. एकदाच बोलला, "हा दगड आपण काल पाहिला का गं?" त्या दिवसांत मला झोपेत नव्हे, जागेपणी भास व्हायचा, की रस्ता पुढे जातच नाही, नुसता खालून सरकवला जातोय.

नीडल्सला दुपारी एकला पोचलो. पारा एकशे बारा फॅरनहाइटवर होता. जेवणाच्या जागेच्या समोरच, रस्ता ओलांडून, पेट्रोलपंप होता. खाणं मागवून झाल्यावर हॉलिस म्हणाला, "किल्ल्या दे, पेट्रोल भरून येतो. काचेतून दिसेन मी तुला." मी म्हणाले, राहू दे, मी भरते नंतर. कॉफी ओतणारी बाई तिथेच उभी होती. ती हसून म्हणाली, "काय हो, बायको गाडीला हात लावू देत नाही वाटतं?" हॉलिसचे कान लाल झाले. त्याने हात पुढे करून तसाच धरून ठेवला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. ड्वेनने टेबलाखालून मला पाय मारला. दे म्हणून की नको म्हणून, ते मी त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. मी किल्ल्या दिल्या, कॅरीन. लोक बघतायत म्हणून दिल्या.

त्याने पेट्रोल भरलं, आत जाऊन पैसे दिले, पुढची काच नीट पुसली. सगळं मला दिसत होतं. मग गाडी पंपातून बाहेर आली, आमच्या काचेसमोरून गेली, त्याने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून मला खूण केली आणि तो पुढे निघून गेला. ड्वेन म्हणाला, "हवा भरायला गेला असेल टायरमध्ये." आम्ही चाळीस मिनिटं बसलो. त्यातल्या काही वेळात आम्ही आइस्क्रीमही खाल्लं. हो, खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेरीफकडच्या माणसांना गाडी सापडली. गॉफ्सकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरून आत, एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात. तो अर्ध्या मैलावर मरून पडला होता, डोक्यावर टोपी, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. ओर्टेगा नावाच्या माणसाने माझ्यादेखत किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. टाकी जवळपास भरलेली. मागे पाण्याचे दोन कॅन होते, एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं. ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिथेच, त्या ओढ्यात उभं राहून, तुला काय सांगायचं ते ठरवलं. गाडी तिकडेच विकून टाकली, कागदपत्रं मी घेतली, तू पलंगावरून उठू शकत नव्हतीस म्हणून सगळं आमच्याच हातात होतं. बरीच वर्षं मला वाटायचं, की त्याने हे जाणूनबुजून केलं असावं. पण पंपावरच्या बाईने एक गोष्ट सांगितली होती, ती तुझ्या हक्काची आहे. पैसे देताना तिने विचारलं, एवढ्या उन्हात कुठे निघालात? तर तो घड्याळ बघून म्हणाला, "उशीर झाला हो. पोरीची शाळा सुटली असेल, तिला घरी आणायचंय." तो मरायला निघाला नव्हता, कॅरीन. तुला आणायला निघाला होता.

आता हे का सांगतेय ते. मी शपथ मोडली ती ड्वेन गेला म्हणून नाही. मार्चमध्ये तू डेमॉइनहून मला भेटायला आलीस. पाच तासांच्या रस्त्याला तुला साडेनऊ तास लागले आणि तू म्हणालीस, वाटेत काम चाललं होतं. मी ऐकून घेतलं. मग केक कापताना तू इकडेतिकडे बघत विचारलंस, "अर्ल कुठे दिसत नाहीत?" अर्लला जाऊन सहा वर्षं झाली, त्याच्या दफनाला तू माझा दंड धरून उभी होतीस. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बाहेर गेलाय." तीच जीभ, तीच भीड. तू खुशीत सांगत होतीस, की जूनमध्ये वाचनालयातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन बाबांच्या त्या रस्त्याने जाणार, पूर्ण समुद्रापर्यंत, आणि गाडी मीच चालवणार. तू गेल्यावर मी तो केक टाकून दिला आणि तेव्हापासून रोज हे पत्र लिहायला बसतेय. तू चोपन्नची आहेस. कदाचित हे काहीच नसेल, नुसता थकवा असेल, आणि तसं असलं तर मला म्हातारीला हवं ते बोल. पण डॉक्टरांकडे जा, या आठवड्यात जा, त्यांना तुझ्या वडिलांचं आणि आजीचं खरं काय ते सांग. तुझ्या लेकीला, पेजलाही सांग. बावीस वर्षांची आहे ती, आम्ही तुझ्या बाबतीत ठरवलं तसं तिच्या बाबतीत तू ठरवू नकोस. माझा राग येईल, यायलाच हवा. ये आणि तोंडावर बोल, मी दार उघडं ठेवते. फक्त गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांग.

तुझीच,
व्हर्ना