पुसलेला शब्द

कोल्हापूर, गुरुवार, १० जानेवारी २००८

तो भोंगा काही डोक्यातून जात नाही. शाळेतून आल्यापासून गच्चीवरच बसले आहे.

संगणकाच्या तासाला आठवीच्या पोरींना सांगितलं होतं, इंटरनेटवर आवडलेलं पान वर्गाच्या यादीत साठवा आणि परत सापडेल असा एक शब्द त्याला जोडा. त्यालाच टॅग म्हणतात. बाकीच्यांनी इतिहास, भूगोल असलं लिहिलं. रेणुकानं 'आवाज किती लांब जातो' या पानाला लिहिलं, 'पप्पा'.

मी हसले. पुसून 'विज्ञान' करून टाकलं. एवढी कसली घाई होती मला?

तास संपताना ती आली. "मॅडम, माझं पान सापडंना. पप्पा लिवलं तर कायच येत न्हाय."

"अगं, यात पप्पा कुठून आले?"

"तुम्हीच म्हणालासा की, सापडंल असा शब्द लिवा. बिद्रीला कारखान्याचा भोंगा झाला की पप्पा घरी येत्यात. हितं मामाकडं भोंगा ऐकूच येत न्हाय."

जूनपासून ती मामाकडे राहते, हे मला माहीत होतं. माहीत असून...

पोरी गेल्यावर तो शब्द पुन्हा जोडला. 'पप्पा'वर टिचकी मारली. एकच पान आलं.

आता बिद्रीच्या बाजूला तोंड करून बसले आहे. एवढ्या लांबून भोंगा ऐकू येत नाही, त्या पानावरच लिहिलंय तसं. खालून जेवायला दोनदा हाका आल्या. उठवत नाही. नेमका आताच झाला तर?