वाचून दाखवले, बरोबर आहे

अण्णा, गेल्या महिन्यात मी खालापूरला गेले होते. धाकटीच्या शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख चुकली होती, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाने दोन मिनिटांत कागद काढला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. शेवटची ओळ होती, ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.’ मी म्हटलं, ‘अहो, पण वाचून कुठे दाखवलात?’ तो हसला. ‘बाई, तुम्ही शिकलेल्या. वाचत बसलो तर चारची एष्टी जाईल तुमची.’ मी सही केली. एष्टी मिळाली. पण सगळ्या वाटेवर तुम्ही डोळ्यांसमोर होता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला असं समोर बसवून काही सांगितलेलं नाही.

तुम्ही कर्जतच्या मामलेदार कचेरीच्या ओट्यावर बसायचात. पुढे उतरती लाकडी पेटी, तिच्यावर टाक, दौत, अंगठ्यासाठी शाईची गादी. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अर्ज आणि जबाब तुम्ही लिहून द्यायचात. कूळकायदा नवा होता. कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला मिळणार, म्हणून रोज माणसं यायची. आणि त्यांच्याबरोबर मालकांचे कारभारीही यायचे. कायद्याने दिलेली जमीन सोडून द्यायलाही एक कागद पुरत होता. ‘जे सांगतील ते लिहायचं,’ तुम्ही म्हणायचात, ‘ते बरं की वाईट हे ठरवायला आत साहेब बसलेत. आपलं काम एवढंच, की ज्याचा अंगठा त्याच्या कानावर शब्द न् शब्द गेला पाहिजे.’ त्या उन्हाळ्यात तुमचा घसा बसला होता. मला सुट्टी होती. डबा घेऊन आले की मी पेटीजवळ बसायची आणि तुम्ही लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची. पोरीचा आवाज स्वच्छ आहे, म्हणून बायकांना बरं वाटायचं. मी अकरा वर्षांची होते आणि स्वतःला कचेरीतली कोणीतरी समजत होते.

एक गोष्ट मात्र तुम्ही उलटी करायचात. ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ ही ओळ तुम्ही वाचायच्या आधीच लिहून ठेवायचात. ओल्या शाईवर अंगठा पडला की अक्षरं फिसकटतात, म्हणून. वाचून होईपर्यंत ती वाळायची.

एक दिवस एक बाई आली, कडावची. नवरा गेलेला, दोन मुली, आणि सासऱ्यापासून कसत आलेलं भाताचं शेत. मालकाच्या कारभाऱ्याने तिला बरोबर आणलं होतं, वाटेत चहाही पाजला होता. मजकूर कारभाऱ्यानेच सांगितला, ती लांब सावलीत बसली होती; जबाब दोन पानी झाला. तो माझ्या हातात देऊन तुम्ही आत कारकुनाकडे गेलात. मी पहिलं पान वाचलं: नाव, गाव, शेताच्या चतुःसीमा, नवरा वारल्याची हकिगत. नवऱ्याचं नाव आलं तशी ती खुलली. ‘बग, कसं बराबर लिवलंय! आता शेत माज्या नावावर हुईल ना गं बाय?’ तिने पदरातली करवंदं माझ्या ओंजळीत घातली. मी पान उलटलं. कारभारी म्हणाला, ‘पुरे गं पोरी. तिची गाडी सुटंल.’ तीही म्हणाली, ‘र्‍हाऊं दे. तू वाचलंस म्हंजे झालं. पोरी वाट बगत असतील.’ मी तिचा अंगठा धरून गादीवर टेकवला आणि कागदावर दाबला. तुम्ही बाहेर येऊन विचारलंत, ‘वाचून दाखवलंस?’ मी ‘हो’ म्हटलं. माझं तोंड करवंदांनी भरलं होतं.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी ती राब भाजायला, पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायला, शेतावर गेली, तर तिच्या जागेवर दुसऱ्याचा राब रचलेला. तेव्हा तिला कळलं, की दुसऱ्या पानावर तिने राजीखुशीने जमीन सोडली होती. तिने प्रांतसाहेबांकडे अपील केलं. तुम्हाला साक्षीला बोलावणं आलं. त्या सकाळी मी चुलीपाशी भात वेळत होते. कोटाची बटणं लावता लावता तुम्ही विचारलंत, ‘त्या दिवशी दोन्ही पानं वाचली होतीस ना?’ मी पेजेकडे बघत म्हटलं, ‘पहिलं. गाडी सुटत होती.’ आई काहीतरी बोलणार होती, तिला तुम्ही हाताने थांबवलंत. टोपी घातलीत आणि गेलात.

तिथे काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुमच्याशेजारी बसणाऱ्या अर्जनवीसकाकांनी आईला सांगितलं. ‘वैनी, नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं हो! अक्षर यांचं, ओळ यांची, कोण विचारणार होतं?’ मालकाच्या वकिलाने तेच विचारलं होतं, ही ओळ तुमच्या हातची ना? तुम्ही होय म्हणालात. मग वाचून दाखवलंत ना? तुम्ही म्हणालात, ‘नाही. ओळ मी आधी लिहिली होती. ती खोटी आहे.’ साहेबांनी मान वर करून पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा तेच म्हणालात. एवढंच. वाचायचं काम कोणाकडे दिलं होतं, हे तुम्ही बोलला नाहीत आणि त्यांनी विचारलंही नाही. कायद्याच्या लेखी ओट्यावर कुठली पोरगी बसलेलीच नव्हती.

तो जबाब रद्द झाला, पुढे शेत तिच्या नावावर झालं. तुमचा अर्ज लिहिण्याचा परवाना गेला. त्यानंतर तुम्ही भाताच्या गिरणीत पोती मोजायला लागलात. कोंड्याने तुमचा घसा पुन्हा बसला तो बसलाच. ती एकदा आपल्या घरी आली होती, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. ‘दादा नाय म्हनले म्हनून माजं शेत ऱ्हायलं,’ आईला म्हणाली, आणि जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. तुम्ही तो तांदूळ तिला परत न्यायला लावलात. मला त्या दिवशी, किंवा नंतर कधीही, तुम्ही रागाने एक शब्द बोलला नाहीत. मला पुष्कळ दिवस ते चांगलं वाटत होतं. आता वाटतं, तुम्ही रागावला असतात तर मी तेव्हाच सांगून टाकलं असतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. ‘पहिलं पान वाचलं, गाडी सुटत होती,’ असं मी म्हटलं, ते तुम्ही खरं मानलंत. पण अण्णा, पान उलटल्यावर मी दुसरंही वाचलं होतं, मनात, शेवटच्या ओळीपर्यंत. मला सगळं कळलं होतं. फक्त तिने नुकतीच करवंदं दिली होती, आणि ती हसत होती.